दोन आण्यांचा गणेश

सध्या आमच्या टेबलावर भिंगाखाली एक जुनं तिकीट पडून आहे. दोन आणे, साल १९५१. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला शंभर वर्षं झाली, तेव्हा टपाल खात्याने पुढाऱ्याचा चेहरा न छापता स्टेगोडॉन छापला. हा हत्तीच्या कुळातला, पण कधीच नामशेष झालेला प्राणी. छपाई अर्थातच आपल्या नाशिकची. प्रागैतिहासिक प्राण्याचं हे जगातलं पहिलं तिकीट मानलं जातं. डायनासोरला मान मिळाला तो नंतर, १९५८ साली चीनमध्ये.

या प्राण्याचे सुळे बघा. इतके लांब आणि इतके जवळजवळ, की मधून सोंड खाली सोडायला जागाच नाही. ती बाजूने लोंबत असावी, असा अभ्यासकांचा कयास. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या या जिवाश्मांना फाल्कनर आणि कॉटली यांनी ‘गणेसा’ हे जातिनाम दिलं. कॉटली म्हणजे गंगेचा कालवा खोदणारा इंजिनियर. हाडं गोळा करणं हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग!

हा अंक अशाच तिकिटांवरच्या सस्तन प्राण्यांचा. आमच्या प्रतीवर टपालाचा शिक्का मात्र नेमका गणोबाच्या पाठीवर बसलाय.