काट्याच्या पोटात काय आहे?

गळीत हंगाम सुरू झाला की वरवंड-पाटसच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या दिसू लागतात आणि राज्यभरची काटामारीची जुनी तक्रारही पुन्हा कानी येऊ लागते. बाहेरच्या काट्यावर ऊस तोलून आणण्याची मुभा साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये दिली, हे ठीकच झाले. पण बाहेरचा काटा तरी निराळ्या जातीचा कोठे आहे? तराजूचा दांडा डोळ्यांना दिसत असे. आज गाडीखालील लोडसेल दाबाचा विद्युत-संकेत पाठवतात, आणि त्याचे टन किती हे यंत्रात भरलेली आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, ठरवते. ती कोणी वाचलेली नसते.

वैध मापन खात्याचा निरीक्षक प्रमाण वजने ठेवून काटा तपासतो हे खरे. परंतु तपासणीपुरती सचोटी पाळणारी आज्ञावली लिहिता येते! फोक्सवागेनच्या डिझेल मोटारींत तीच होती. २०१५ साली अमेरिकेत हे बिंग फुटले, आणि आपल्या चाकणला कारखाना असलेल्या या कंपनीला भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यात अनेक पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रांत फेरफार केल्याचे आढळले. आकडा पुरा, इंधन मात्र कमी.

घरातील प्रत्येक उपकरणाची आज्ञावली सक्तीने खुली करावी, असा आमचा हट्ट नाही. धुलाईयंत्राने दगा दिला तर फार तर कपडे मळके राहतील. परंतु उसाचा काटा, पेट्रोल पंप, विजेचा मीटर, दूध संकलन केंद्रावरील फॅटचे यंत्र यांच्या आकड्यावर दोन पक्षांचा पैसा ठरतो, आणि यंत्र त्यांतील एकाच्याच ताब्यात असते. तेथे आज्ञावली जाहीर झालीच पाहिजे. वाचण्यास खुली, बदलण्यास नव्हे.

यावर व्यापारी गुपिताचा आक्षेप घेतला जाईल. वजन करणे ही काही गुप्त विद्या नव्हे. उत्पादकांनी टिकाऊपणात आणि दुरुस्तीच्या तत्परतेत खुशाल स्पर्धा करावी. चोरांना वाट सापडेल म्हणावे, तर पंपांवरील चोरांना ती बंद आज्ञावलीतही सापडलीच होती. सामान्य शेतकऱ्याला हे वाचता येणार नाही, असेही कोणी म्हणेल. सातबारा तरी सर्वांना कोठे उलगडतो? तरीही तो उघडाच असतो, आणि जाणकाराकडून वाचून घेता येतो.

खरा आक्षेप वेगळाच आहे. जाहीर एक आज्ञावली करायची आणि यंत्रात दुसरीच भरायची, हे सहज शक्य आहे. म्हणून यंत्रातील आज्ञावलीचा ठसा जाहीर प्रतीशी जुळवून पाहण्याचे साधन व शिक्षण निरीक्षकाला मिळाले पाहिजे. केवळ शिशाच्या मोहोरेने भागणार नाही. त्यास खर्च येईल, आणि तो सरकारने करावा.

२००९ च्या वैध मापन कायद्याखाली यंत्राच्या नमुन्याला मान्यता देणे केंद्राच्या हाती आहे. त्या मान्यतेला ही अट जोडण्याची मागणी राज्य सरकारने पुढील हंगामापूर्वी दिल्लीकडे करावी, आणि आरंभ उसाच्या काट्यापासून व्हावा.