आधी आई दाखवा

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करावी, असे आपल्याकडे सांगितले आहे. नुसती गाय चालत नाही, पायाशी वासरू हवे. काही वर्षांपूर्वी नेमक्या त्याच संध्याकाळी आम्ही धरमपेठेतल्या आमच्या घरी लॅब्रॅडॉर कुत्र्याचे एक पिल्लू आणले, तेही आईवेगळे. यातली विसंगती मराठीचा प्राध्यापक म्हणवणाऱ्या माझ्या ध्यानातही आली नाही!

विकणाऱ्या गृहस्थांनी मोबाईलवर छायाचित्रे पाठवली. पिल्लू दोन महिन्यांचे आहे, लसही टोचली आहे, असे सांगितले. "घरी येण्याची तसदी कशाला? मीच चौकात आणून देतो," असेही म्हणाले. केवढा सौजन्यशील माणूस, असे आम्हांला वाटले! पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेल्या त्या जिवाचे नाव आमच्या कन्येने 'लाडू' ठेवले.

भाऊबीजेला लाडू खाईनासा झाला. ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण. पशुवैद्यांनी त्याचे दात पाहिले आणि म्हणाले, "दोन महिन्यांचं कुठलं जी? महिनाभराचंच आहे हे. याचं लस टोचायचं वय तरी झालंय का?" रोगाचे नाव पार्वो. दोन दिवसांत सारे आटोपले. चिरंजीविनीने एकच प्रश्न विचारला, "बाबा, त्याची आई कुठे होती?" तासभर व्याख्यान देऊ शकणारा मी निरुत्तर झालो.

पुढल्या वर्षी दुसऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. मी पाकीट काढण्यापूर्वीच त्यांनी आमची उलटतपासणी सुरू केली. दिवसभर घरी कोण असते? मे महिन्यात कुत्र्याला कूलरपाशी जागा मिळेल का? गावाला गेलात तर कोण सांभाळील? सौभाग्यवतींच्या वडिलांनीसुद्धा माझी इतकी चौकशी केली नव्हती!

मी भीतभीतच म्हटले, "आधी आई दाखवा." ती अंगणातच होती. शेपटी हलवीत येऊन तिने आमच्या चपला हुंगल्या. अंग भरलेले, नजर निर्भय. खाण तशी माती म्हणतात. तेव्हा आधी खाण पाहावी. गृहस्थांनी वही उघडली. तिच्या वेतांच्या आणि पिल्लांच्या लशींच्या तारखा तीत होत्या. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचे दुखणे वंशाने येते, म्हणून आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रेही होते. वंशावळीच्या कागदावर घराणे कळते, प्रकृती कळत नाही, हे मला तिथे उमगले.

हे केवळ सौजन्य नव्हे, कायदाही आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे श्वानपैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र मागण्यात संकोच नको. मादी किमान 18 महिन्यांची हवी. वर्षाला एकच वेत, जन्मात पाचांहून अधिक नाही. आणि आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू विकायचे नाही. ज्याच्याकडे सात-आठ जातींची पिल्ले बारमाही तयार असतात, त्याच्या माद्यांना विसावा कधी मिळत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. आणि 45 अंशांच्या नागपुरात जो हौसेने बर्फाळ मुलखातला हस्की गळ्यात मारतो, त्याला दुरूनच नमस्कार!

आमचे पिल्लू तेव्हा सात आठवड्यांचे होते. गृहस्थ म्हणाले, "दहा दिवसांनी या. आणि पुढे कधी नकोसं झालं, तर रस्त्यावर सोडू नका. माझ्याकडे आणून द्या." पैसे हातात येत असताना 'थांबा' म्हणणारा विक्रेता मी प्रथमच पाहिला.

दहा दिवसांनी आलेला तो 'मोती' आता माझ्या टेबलाखाली घोरतो आहे. दर दिवाळीला त्या गृहस्थांचा फोन येतो. आमची खुशाली ते मागाहून विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फटाक्यांना फार घाबरत नाही ना हो तो?"