पेडल पंप करून मेळाव्याला येऊ नका



जिल्ह्याच्या मेळाव्याला येणाऱ्या जीपगाड्या बहुतेक जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. आठवडाभर त्यांत कापूस आणि ज्वारीची पोती, मेळाव्याच्या दिवशी घरची माणसे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि आपला कापूस बाहेर विकायची आपल्यालाच बंदी झाली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली. असा बुडालेला पैसा हातात असता तर गाड्याही नव्या दिसल्या असत्या.

पण गाडी जुनी असणे वेगळे आणि ब्रेक पोकळ असणे वेगळे. ‘दोन-तीनदा पंप केले की लागतो ब्रेक,’ हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की ते ऐकून कोणी गाडीतून उतरत नाही. उतरले पाहिजे.

ब्रेकचे ऑइल दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा आकसते. ऑइलमध्ये हवा शिरली की पायाचा जोर तिलाच दाबण्यात जातो. शिवाय बऱ्याच जुन्या जीपमध्ये चारही चाकांना एकच लाइन असते. एक होज पाइप फुटला की चारही ब्रेक गेले.

मिस्त्री एअर काढून देतो, पैसे घेतो आणि आठ दिवसांत पेडल पुन्हा मऊ. का? हवा कुठून शिरते ते कोणी पाहिलेच नाही. ती जागा न शोधता एअर काढत राहणे म्हणजे फुटक्या पोहऱ्याने पाणी शेंदणे.

दोष कुठे आहे ते पेडलच सांगते. पायाखाली स्पंजासारखे दबले, तर हवा आहे. पहिल्या दाबाला खाली जाऊन दुसऱ्या दाबाला वर कडक लागले, तर बहुधा लायनर झिजलेत किंवा ब्रेकशूची सेटिंग ढिली आहे; तिथे एअर काढून काही होणार नाही. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत गेले, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर ऑइल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. ऑइल कमी होते पण जमिनीवर थेंब नाही, तर चाकाची आतली बाजू पाहा, ड्रम उघडा; व्हील सिलिंडर गळत असेल. एअर निघाली तरी पेडल लवचिकच, तर दाबताना होज पाइप फुगतो का ते पाहा. निप्पल उघडूनही ऑइल येत नसेल, तर निप्पल किंवा होज पाइप आतून बंद झाला आहे.

दोष काढल्यावरच एअर काढा. गाडी सपाट जागी, चाकांना दगड. मास्टर सिलिंडरपासून लांबचे चाक आधी: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. निप्पलला नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या स्वच्छ ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निप्पल उघडून पुन्हा आवळावे, मगच पाय उचलावा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. टाकीतले ऑइल संपू देऊ नका. संपले की हवा पुन्हा आत आणि सगळे पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल तळाला गेले तर मास्टर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर रबर घासून फाटते.

बाटलीत निघालेले ऑइल पुन्हा टाकू नका. उघड्या डब्यातलेही नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळते, ओलावा धरलेले १४० अंशांच्या आसपासच. औट्रम घाट असो की राजूर घाट, भरल्या गाडीचे ब्रेक तापले की ओले ऑइल उकळून वाफ होते आणि नेमके उतारावर पेडल रिकामे जाते. इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल तर चुकूनही घालू नका. रबर फुगून सगळी लाइन बाद होते.

बाजार आम्हाला मोकळा हवा, बियाण्याची निवड आमची आम्हाला हवी, असे आपण सांगत आलो. आपले आपण ठरवू म्हणणाऱ्याने आपल्या गाडीचे पेडलही स्वतः तपासले पाहिजे. त्यासाठी इन्स्पेक्टरची वाट पाहायची नसते.

पुढच्या मेळाव्याला निघण्याआधी गाडी जागेवर उभी असतानाच पेडल मिनिटभर जोराने दाबून धरा. खाली बसले तर गाडी दारात ठेवा आणि एस.टी.ने या. उशीर झाला तरी चालेल. ठराव तुम्ही आल्यावर मांडू.