अठरा एमबीचे चक्र



एप्रिल लागला की आमच्या बुटीबोरीत जयंतीचे वारे वाहू लागतात. वर्गणीची पावतीपुस्तके निघतात, निळ्या पताकांच्या माळा तयार होतात. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेली पोरे रात्री उशिरापर्यंत विहाराच्या अंगणात बांबू रोवत असतात. पूर्वी निमंत्रणपत्रिका छापून घरोघर वाटल्या जात. आता निमंत्रण मोबाईलवर येते आणि तेही हलते. चक्र फिरते, दिवे लुकलुकतात, फुले पडतात. या हलत्या चित्रांना जिफ म्हणतात. आज आम्हाला लिहायचे आहे ते या चित्रांच्या वजनाबद्दल. कुटुंबाच्या पानावर हा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. म्हणून आधी घडले ते सांगतो.

गेल्या जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या एक ताई आमच्या दारात आल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा कॉलेजात शिकतो. घरात मोबाईल एकच. "भाऊ, मोबाईल भरला म्हणते. पोराचं हॉल तिकीट उतरूनच नाही रायलं ना जी. उद्या पेपर हाय." आम्ही घरी नव्हतो. शेजारच्या एका मुलाने घाईघाईत मोबाईल रिकामा करून दिला. शुभेच्छांची शेकडो चित्रे पुसली, जागा झाली आणि हॉल तिकीट उतरले. पोराने पेपर दिला. पण त्या ढिगाऱ्याबरोबर यजमानांचे दोन फोटोही पुसले गेले. दवाखान्यात जाण्यापूर्वी घराच्या ओट्यावर काढलेले ते फोटो दुसऱ्या कुणाजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही पुष्कळ खटपट केली, पण ते परत मिळाले नाहीत.

त्या शेकडो चित्रांत एक चित्र आमच्या मंडळाचेही होते. आमच्याच सांगण्यावरून केलेले आणि आमच्याच हाताने ग्रुपवर टाकलेले. म्हणून हा लेख दुसऱ्यांना उपदेश करण्यासाठी नाही. आधी आमचीच चूक मांडतो.

ते चित्र वस्तीतल्या एका मुलीने केले होते. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास करते. निळ्या पाटीवर निमंत्रणाचा मजकूर आणि मधोमध फिरणारे अशोकचक्र. चित्र देखणे होते. दर्जा कमी होऊ नये म्हणून आम्ही ते डॉक्युमेंट म्हणून पाठवले. वजन अठरा एमबी. ग्रुपमध्ये १८० घरे. आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारे कारकून, पण हा गुणाकार करायचे आम्हाला सुचले नाही. १८ गुणिले १८० म्हणजे ३,२४० एमबी. एका निमंत्रणापायी वस्तीच्या मोबाईलमधली तीन जीबीहून जास्त जागा आम्ही व्यापली. अशी पन्नास चित्रे एका घरात आली तर त्या एका मोबाईलचेच ९०० एमबी गेले. पाठवणाऱ्याचा खर्च एका बोटाचा, बाकी सारा भार घेणाऱ्यावर.

मग आम्ही त्या मुलीला बोलावले. "बेटा, हे हलके करता येते का, बघू." चार संध्याकाळी आम्ही दोघे शिकलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

जिफ हा प्रकार १९८७ साली अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने काढला. स्टीव्ह विल्हाइट हे त्या कामाचे प्रमुख होते. त्या काळी कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून, अगदी संथ गतीने एकमेकांशी बोलत. त्या बारीक तारेतून रंगीत चित्र जावे, म्हणून हा प्रकार मुद्दाम हलका बनवला गेला. म्हणजे काटकसर हाच त्याचा मूळ धर्म. पुढे त्यातली आकुंचनाची युक्ती एका कंपनीच्या पेटंटखाली होती म्हणून परवान्याच्या पैशाची मागणी झाली, वाद झाले. अमेरिकेतले ते पेटंट २००३ साली संपले. आज ही विद्या सर्वांना मोकळी आहे.

जिफ वजन कसे वाचवतो, हे ज्यांनी हजेरीपट पाहिला आहे त्यांना लगेच कळेल. एका ओळीत वीस कामगार हजर असतील तर आपण वीसदा 'हजर' लिहीत नाही. एकदा लिहितो आणि खाली 'वरीलप्रमाणे'च्या खुणा करतो. जिफ तसेच करतो. एकाच रंगाचे ठिपके ओळीने आले, किंवा ठिपक्यांची तीच नक्षी पुन्हा आली, तर तो थोडक्यात नोंद करतो. पण दर ठिपका वेगळा असेल तर 'वरीलप्रमाणे' लिहायला जागाच उरत नाही. मग वही फुगते.

यावरून उपाय आपोआप निघतात.

पहिला उपाय, लांबी-रुंदी कमी करणे. आमचे चित्र १०८० बाय १०८० ठिपक्यांचे होते, म्हणजे ११ लाख ६६ हजार ४०० ठिपके. ते ५४० बाय ५४० केले की २ लाख ९१ हजार ६०० उरतात. बाजू निम्मी केली की ठिपके पाव होतात. मोबाईलच्या पडद्यावर तेवढे सहज वाचता येते.

दुसरा उपाय रंगांचा. जिफच्या एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, पण तेवढे वापरलेच पाहिजेत असे नाही. आपला पंचशील ध्वज पाहा. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी असे पाचच रंग. अशा चित्राला १६ रंगांची पेटी पुष्कळ झाली. मागे सावल्या, चकाकी आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा टाळावी. रंग कमी करताना कॉम्प्युटर डिदरिंग नावाची बारीक ठिपक्यांची रांगोळी घालतो, ती शक्यतो बंद ठेवावी. सपाट रंग जितका मोठा, तितक्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा जास्त.

तिसरा उपाय, बदललेलेच तेवढे लिहिणे. हलते चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली अनेक स्थिर चित्रे. त्यांना फ्रेम म्हणतात. आमच्या निमंत्रणात मजकूर हलत नव्हता, फक्त चक्र फिरत होते. तरी दर फ्रेममध्ये सारा मजकूर पुन्हा लिहिला जात होता. जमाखर्चाच्या वहीत आपण दर पानावर मागची सगळी पाने उतरवून काढत नाही. शिल्लक पुढे आणतो आणि नवी नोंद तेवढी करतो. जिफमध्येही तसे करता येते.

चौथा उपाय, फ्रेम कमी करणे. सेकंदाला तीस फ्रेम लागत नाहीत, साध्या चित्राला दहा पुरतात. आणि इथेच त्या मुलीने आम्हाला चकित केले. तिने चक्र तीन-तीन अंशांनी पूर्ण फिरवले होते, म्हणजे ३६० अंशांसाठी १२० फ्रेम. एका संध्याकाळी ती म्हणाली, "काका, आरे चोवीस आहेत ना? मग पंधरा अंश फिरलं की चक्र पहिल्यासारखंच दिसते." आम्ही कागदावर मांडून पाहिले. ३६० भागिले २४, उत्तर १५. एक आरा दुसऱ्याच्या जागी आला की डोळ्याला फरक कळत नाही. म्हणजे शून्य, तीन, सहा, नऊ आणि बारा अंशांच्या पाचच फ्रेम पुरेत. त्या पाच पुन्हापुन्हा दाखवल्या की चक्र अखंड फिरत राहते. १२० च्या जागी पाच! सेकंदाला दहा फ्रेम ठेवल्या तर बारा सेकंदांत एक फेरा होतो, अगदी शांत गतीने.

हे सारे तिने गिम्प नावाच्या मोफत प्रोग्रामवर केले. इमेज मेनूत स्केल इमेजने आकार कमी होतो, मोडमधल्या इंडेक्स्डने रंग कमी होतात. फिल्टर्समध्ये ॲनिमेशनखाली ऑप्टिमाइझ फॉर जिफ आहे, ते बदललेला भाग तेवढाच ठेवते. शेवटी जिफ म्हणून एक्सपोर्ट करताना ॲज ॲनिमेशनवर खूण करावी. काम सुरू करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत मात्र वेगळी जपून ठेवावी. अठरा एमबीचे चित्र ४०० केबीच्याही खाली आले. वस्तीतल्या आठ-दहा जणांना दोन्ही दाखवली. लहान पडद्यावर जड कोणते आणि हलके कोणते, हे कुणालाही ओळखता आले नाही.

मिरवणुकीचे किंवा माणसांचे खरे दृश्य असेल तर जिफच्या नादी लागू नये. त्यात रंग असंख्य आणि सारेच हलते. अशा दृश्याला छोटा व्हिडिओच हलका पडतो. घेणाऱ्यांनीही एक करावे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा आहे. तिथे चित्रे आणि व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करता येते. मग हवे ते चित्र बोट लावूनच उतरेल. आणि आपल्या माणसांचे फोटो एकाच मोबाईलवर ठेवू नका. दुसऱ्या नातेवाइकाकडे, पेन ड्राइव्हवर, नाहीतर सरळ कागदावर छापून ठेवा. हे आज रात्रीच करा, उद्यावर टाकू नका.

यंदा मंडळाने ठराव केला. ग्रुपवर जाणारे कोणतेही निमंत्रण एक एमबीच्या आत असावे आणि पाठवण्याआधी त्याचे वजन पाहावे. ठराव त्या मुलीनेच वाचून दाखवला. सभेत ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. निघताना त्यांनी मोबाईल आमच्यापुढे धरला. हलके केलेले चक्र पडद्यावर फिरत होते. "हे राहू द्या म्हणते, भाऊ. हे जागा खात नाही." त्यांचे दोन फोटो आम्ही परत देऊ शकलो नाही, ही बोच आम्हाला आहेच.

शुभेच्छा मनापासून द्याव्यात. पण ज्याच्या घरात एकच मोबाईल आहे, त्या घराची जागा आपल्या जागेइतकीच मोलाची आहे, हे पाठवण्याआधी आठवावे.

जयभीम!