वाढ्याला भाव, पाचटाला काडी



ऊसतोड पुढे सरकली की राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, कोपरगाव या पट्ट्यात मोकळ्या झालेल्या फडांवर धूर दिसू लागतो. ऊस कारखान्याला जातो, तोडणी कामगार वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकतात आणि उरलेल्या वाळक्या पाल्याला, म्हणजे पाचटाला, शेतकरी काडी लावतो. वाढ्याला गिऱ्हाईक आहे, पाचटाला नाही, एवढाच फरक. एका हेक्टरवर ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, पाऊण ते एक टक्का पालाश आणि तीस टक्क्यांहून अधिक सेंद्रिय कर्ब असतो. आगीत कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत जाते. मग तोच शेतकरी खोडव्यासाठी युरियाच्या गोण्या विकत आणतो.

कारखान्याच्या फाटकाआत मात्र काहीच वाया जात नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. तेव्हापासून हा धंदा पुष्कळ शिकला: चोथ्यावर बॉयलर आणि वीज, मळीपासून मद्यार्क, प्रेसमडचे खत. सभासदाच्या शेतातला पाला तेवढा कोणाच्याच हिशेबात नाही.

पाचट जाळणाऱ्याची कारणे खोटी नाहीत. उंदीर वाढतात, सरीत पाणी तुंबते, खोडवा पिवळा पडतो. पण पिवळेपणाचे कारण पाचट नव्हे, अर्धवट केलेले काम आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात. म्हणूनच बुडखे छाटून, पाचट सरीत दाबून, हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे, अशी कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. युरिया वाचवायला जाणारा पुढच्या वर्षी पुन्हा काडीपेटी काढतो. शिवाय मुळा किंवा भंडारदरा धरणाच्या पाण्याचे आवर्तन लांबले की पाचटाखालची ओल किती मोलाची असते, हे उन्हाळ्यात खोडवा जगवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शहरातही तेच. बंगल्यांपुढचा कडुनिंबाचा पाला झाडून पेटवला जातो, नाही तर प्लास्टिकसकट घंटागाडीत पडतो. बागेतला कचरा वेगळा साठवावा आणि कचरा उघड्यावर जाळू नये, असे घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्येच सांगून गेले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवला. पण दंडाआधी सोय हवी. ती अवघड नाही. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांचा कंपोस्ट खताचा नाडेप हौद १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असतो. पाडलेल्या घराच्या जुन्या विटा मधे भोके सोडून रचल्या तरी तो उभा राहतो. पाला, शेण, माती यांचे थर ओले ठेवले, तर तीन-चार महिन्यांत खत तयार होते. प्रत्येक उद्यानात असा एक हौद बांधायला मोठी निविदा कशाला लागते?

येत्या हंगामात कारखान्यांनी तोडणी कार्यक्रमासोबतच पाचट कुट्टीचे यंत्र आणि जिवाणूखत सभासदाच्या बांधावर पोहोचवावे आणि त्याचा खर्च ऊसबिलातून हप्त्यांनी वळता करावा. महापालिका आणि नगरपालिकांनी बागेच्या कचऱ्यासाठी घंटागाडीचा आठवड्यातला एक वार राखून ठेवावा. गाळप सुरू होण्याआधीच्या सभेत सभासदांनी ही मागणी लेखी द्यावी.

– एक वाचक, राहुरी