नाक सरावते, छातीचे काय?

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपण खिडक्या लावून घेतल्या. कचऱ्याच्या डोंगरावरच राबणाऱ्याने काय लावून घ्यायचे?

"साहेब, आता वास येत नाही," असे दुसऱ्या एका कचरा डेपोवरच्या कामगाराने सांगितले, तेव्हा मला बरे वाटले होते. किती अडाणी होतो मी! कुजणाऱ्या कचऱ्यातला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा घाण येतो खरा, पण तो नाकच बधिर करतो. वास थांबतो, वायू नाही. जळत्या प्लॅस्टिकमधले डायॉक्सिन वेगळेच. त्याने कर्करोग होऊ शकतो.

२०१६ च्याच घनकचरा नियमांनी कामगारांना मास्क, हातमोजे देणे बंधनकारक केले. या माणसाच्या तोंडावर जुन्या साडीचा तुकडा होता. त्याने थोडी धूळ अडते. वायू आरपार जातो.