डोळ्याची नस

आज एक घरगुती प्रयोग करा. कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी, चार इंचांच्या अंतराने दोन ठिपके काढा. कागद डोळ्यांसमोर हातभर अंतरावर धरा. डावा डोळा झाका, उजव्याने डाव्या ठिपक्याकडेच पाहत राहा आणि कागद सावकाश जवळ आणा. सव्वा फुटाच्या आसपास उजवा ठिपका नाहीसा होतो! मुलांनाही दाखवा.

कारण असे. डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींच्या आसपास पेशी आहेत. पण त्या थेट मेंदूशी बोलत नाहीत. कड कोठे, हालचाल कोठे, हे मधल्या पेशी निवडून घेतात आणि शेवटच्या थरातल्या चेतापेशी तो निरोप विजेच्या ठोक्यांनी पुढे धाडतात. प्रत्येकीचा एक तंतू. असे दहा-बारा लाख तंतू दोरासारखे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात. लोक जिला डोळ्याची नस म्हणतात, ती हीच. निरोप डोक्याच्या पार मागच्या भागात पोचतो, तेव्हा कोठे आपल्याला समोरचा बैल दिसतो. नस जेथून बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणारी पेशीच नाही, म्हणून ठिपका हरवतो. मात्र भोक दिसत नाही. मेंदू मोठा हुशार. भोवतालचा कागद पाहून ती जागा भरून काढतो.

काचबिंदूत हीच हुशारी घात करते. बहुधा डोळ्यातला दाब वाढून नसेचे तंतू मरत जातात. नेहमीच्या प्रकारात ना दुखणे, ना लाली. बाजूची नजर आधी जाते आणि मेंदू ती फट झाकतो. पुनावळ्याजवळून मुंबई-बंगळूर महामार्ग जातो. समोरचे स्वच्छ दिसणाऱ्या म्हाताऱ्याला तेथे बाजूने आलेली मोटारसायकल दिसत नाही, अन् घरचे म्हणतात, "आबांचे लक्षच नसते."

"मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," म्हणून थांबणारे पुष्कळ. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते, ते बदलता येते. मेलेली नस बदलता येत नाही. नेत्रदानातही बुबुळावरचे पारदर्शक पटल बसवतात, नस नव्हे. थेंब, लेसर वा शस्त्रक्रियेने उरलेले तंतू तेवढे राखता येतात.

म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. आईवडील-भावंडांत काचबिंदू असेल तर त्याआधीच. नुसत्या चष्म्याच्या नंबरात हे कळत नाही. पुनावळेकरांना पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय जवळ आहे. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणू नका. स्टेरॉइडचे थेंब फार दिवस घातले तर पुष्कळांचा दाब वाढतो. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी नजर सुधारल्यासारखी वाटणार नाही, तरी ते सोडू नका.